यादीतून गळलेले रुग्ण: एका टर्मिनॉलॉजी सेवेची चाचणी आणि दुरुस्ती

पार्श्वभूमी

काही रुग्णालयं, काही स्वतंत्र प्रयोगशाळा आणि दीर्घकालीन आजारांची एक सामायिक नोंदवही यांना जोडणारं हे जाळं. प्रत्येक ठिकाणचं सॉफ्टवेअर वेगळं होतं, पण माहिती एकाच साच्यात पाठवायची असं ठरलेलं होतं. तो साचा म्हणजे एचएल७ या संस्थेचं फायर मानक, आर४ आवृत्ती. निदानांसाठी स्नोमेड सीटी, तपासण्यांसाठी लॉइंक, मोजमापाच्या एककांसाठी युकम आणि अहवालांसाठी आयसीडी-१० या कोड सिस्टीम, म्हणजे प्रमाणित कोडांच्या याद्या, वापरल्या जात होत्या.

या सगळ्याच्या मधोमध टर्मिनॉलॉजी सर्व्हर होता, म्हणजे या कोडांच्या याद्या सांभाळून त्यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देणारी यंत्रणा. त्याला दिवसभर मोजकेच प्रकारचे प्रश्न विचारले जात. आलेला कोड खरा आहे का आणि या जागी चालतो का, हा पहिला. फायरमध्ये या विनंतीला व्हॅलिडेट-कोड म्हणतात. अमुक व्हॅल्यू सेटमध्ये, म्हणजे एखाद्या कामासाठी ठरवलेल्या कोडांच्या गटात, कोणकोणते कोड येतात, हा एक्स्पांडचा प्रश्न. प्रयोगशाळेच्या स्वतःच्या कोडला लॉइंकमध्ये काय म्हणायचं, हे ट्रान्सलेट सांगतं. एक आजार दुसऱ्या आजाराचा प्रकार आहे का, हे सबस्यूम्स.

दारावर एक गेटवे होता. आत येणारा माहितीचा प्रत्येक संच आधी त्याच्याकडे जायचा. तो त्यातला एकेक कोड सर्व्हरला विचारायचा आणि मगच संच पुढे सोडायचा. नोंदवहीचं काम वेगळं होतं. मधुमेह, दमा, उच्च रक्तदाब अशा आजारांचे रुग्ण शोधायचे आणि पाठपुराव्याच्या याद्या रोज दवाखान्यांना द्यायच्या. मधुमेहाच्या यादीसाठी ती सर्व्हरला विचारायची, ‘७३२११००९ हा मधुमेहाचा कोड आणि त्याचे सगळे वंशज दे.’ वंशज म्हणजे त्या आजाराचे सगळे उपप्रकार. उत्तरात आलेले कोड ज्यांच्या नोंदीत आहेत ते रुग्ण यादीत येत. रचना सुटसुटीत होती आणि बराच काळ कोणाची तक्रारही नव्हती.

अडचण

सर्व्हरवर स्नोमेड सीटीची नवी आवृत्ती चढवली गेली. यात वावगं काहीच नव्हतं. स्नोमेडची आंतरराष्ट्रीय आवृत्ती २०२२ पासून दर महिन्याला निघते, लॉइंक वर्षातून दोनदा. मागे राहणं हाच धोका असतो.

अद्ययावतीकरणानंतर एका रुग्णालयाचे काही संच गेटवेवर अडकू लागले. कारण म्हणून ‘कोड व्हॅल्यू सेटमध्ये नाही’ एवढंच लिहून येत होतं. त्यात तोच कोड सकाळी चालायचा आणि दुपारी अडायचा. तक्रारी आल्या, बैठका झाल्या आणि सगळ्यांचं लक्ष त्या अडकलेल्या संचांकडे गेलं.

दुसरी गोष्ट घडत होती तिचा कुठेच गाजावाजा नव्हता. मधुमेहाच्या पाठपुराव्याची यादी आखूड झाली होती. एका दवाखान्यातल्या परिचारिकेनं विचारलं, ‘नेहमीची माणसं यादीत का दिसत नाहीत?’ म्हणून ते कळलं. कुठल्याही लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या कामकाजाच्या नोंदीत, चूक नोंदलेली नव्हती, कारण तांत्रिक अर्थानं चूक झालीच नव्हती. सर्व्हरला प्रश्न विचारला गेला, त्यानं व्यवस्थित उत्तर दिलं आणि त्या उत्तरात काही कोड नव्हते.

याचं मूळ स्नोमेडच्या रचनेत आहे. स्नोमेड सीटीतली संकल्पना कधी पुसली जात नाही. ती संदिग्ध ठरली, दुबार निघाली किंवा चुकीची ठरली तर तिला निष्क्रिय करतात. निष्क्रिय झाल्यावर ‘ही त्याचा प्रकार आहे’ सांगणारे तिचे दुवेही निष्क्रिय होतात. संकल्पना सर्व्हरला ओळखू येते, पण प्रकार-उपप्रकारांच्या झाडावरून ती उतरलेली असते. त्यामुळे ‘मधुमेह आणि त्याचे सगळे वंशज’ असं विचारलं की ती येत नाही. ज्यांचं निदान काही वर्षांपूर्वी त्या कोडनं नोंदलं गेलं होतं ते रुग्ण आजारासकट तिथेच होते. यादीतून मात्र गेले.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. अडकलेला संच कोणाच्या तरी कामात खोळंबा करतो, म्हणून त्याची दखल घेतली जाते. गळलेल्या रुग्णामुळे कोणाचंच काम थांबत नाही. त्याला कोणी फोन करत नाही, आणि आपल्याला फोन यायला हवा होता हे त्यालाही ठाऊक नसतं. तरीही या सेवेच्या चाचण्या तोवर फक्त पहिल्या प्रकारच्या बिघाडासाठी लिहिलेल्या होत्या: सर्व्हर चालू आहे का, उत्तर किती वेळात येतं, चुकीचा कोड नाकारला जातो का.

समोर असलेले पर्याय

पहिल्या बैठकीत तीन गोष्टी पुढे आल्या. जुन्या आवृत्तीवर परत जा. गेटवेची तपासणी सैल करून अनोळखी कोड नुसत्या इशाऱ्यावर आत घ्या. किंवा सर्व्हरचं उत्पादनच बदला.

मागे जाणं सर्वांत सोपं वाटत होतं. पण दोन रुग्णालयांनी त्यांच्याकडे नवी आवृत्ती आधीच लावली होती आणि तिथून नव्या संकल्पना यायला सुरुवात झाली होती. मागे गेलो असतो तर त्या ‘अनोळखी’ ठरल्या असत्या, म्हणजे अडचण एका रुग्णालयाकडून दुसऱ्याकडे सरकली असती. तपासणी सैल करण्याला प्रयोगशाळांच्या बाजूनं ठाम विरोध झाला आणि तो योग्य होता. एकदा सैल केलेली तपासणी पुन्हा आवळायला कोणी तयार होत नाही. शिवाय आखूड यादीचा प्रश्न त्यानं सुटणारच नव्हता.

सर्व्हर बदलण्याचा आग्रह मोठा होता, आणि त्यावर निर्णय घेण्याआधी आम्ही एक अट घातली. सर्व्हर चुकतोय हे आधी दाखवायचं. त्यासाठी गेटवे आणि नोंदवही सर्व्हरला नेमकं काय विचारतात ते लॉगमधून काढून वाचलं. लॉग वाचणं कंटाळवाणं असतं, पण इथे त्यानं खरेदीचा मोठा खर्च वाचवला.

एकाही विनंतीत आवृत्तीचा उल्लेख नव्हता. आवृत्ती सांगितली नाही तर सर्व्हर साधारणपणे त्याच्याकडची सर्वांत नवी धरतो, आणि या सर्व्हरनं तेच केलं होतं. म्हणजे नोंदवहीचा प्रश्न अक्षरानं तोच राहिला होता, पण त्याचा अर्थ दर अद्ययावतीकरणाला बदलत होता. सर्व्हर आपण कोणती आवृत्ती वापरली हे उत्तरातल्या एक्स्पान्शनच्या पॅरामीटरमध्ये लिहूनही पाठवत होता. ते कोणीच साठवत नव्हतं.

सकाळ-दुपारच्या कोड्याचा उलगडाही लॉगमध्येच सापडला. गेटवे आलेली उत्तरं कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवायचा. कॅशेची किल्ली, म्हणजे साठवलेलं उत्तर ज्यावरून शोधलं जाई ती खूण, कोड सिस्टीम आणि कोड एवढीच होती, आवृत्ती नव्हती. जुन्या आवृत्तीचं उत्तर मुदत संपेपर्यंत मिळत राहायचं, मुदत संपली की नवं. सर्व्हर बदलला असता तरी हे असंच चालू राहिलं असतं.

तेव्हा चौथा पर्याय पुढे आला आणि तोच धरला. दोन्ही आवृत्त्या सर्व्हरवर शेजारी शेजारी ठेवायच्या, प्रत्येक विनंतीत आवृत्ती स्पष्ट लिहायची आणि त्या भोवती चाचण्या उभ्या करायच्या. फायरमध्ये एकाच कोड सिस्टीमच्या अनेक आवृत्त्या एका सर्व्हरवर ठेवता येतात, त्यामुळे तांत्रिक अडथळा नव्हता. मेमरी जास्त लागणार होती, ती मंजूर झाली.

काय केलं

यादी आधी. नोंदवहीच्या विनंत्या त्याच दिवशी जुन्या आवृत्तीला बांधल्या आणि गेटवे नव्या आवृत्तीवर ठेवला. कॅशे रिकामा करून त्याच्या किल्लीत आवृत्ती घातली. हा तात्पुरता आधार होता. नोंदवही कायम जुन्या आवृत्तीवर ठेवली असती तर नवे कोड घेऊन येणारे रुग्ण त्याच प्रकारे सुटले असते.

चाचण्यांचा पहिला थर आयता मिळाला. टर्मिनॉलॉजी सर्व्हरांसाठी एचएल७ च्या समुदायानं एक खुला चाचणी संच ठेवला आहे, तो फायरच्या अधिकृत व्हॅलिडेटर या तपासणीच्या साधनातून चालवता येतो. त्यात मुद्दाम रचलेल्या छोट्या कोड सिस्टीम आहेत, ठरलेल्या विनंत्या आहेत आणि प्रत्येकीचं अपेक्षित उत्तर आहे. हा संच आम्ही मुख्य सर्व्हरवर चालवला आणि तो बंद पडला तर वापरायच्या पर्यायी सर्व्हरवरही. दोघांच्या वागणुकीत फरक निघाले. कोड बरोबर पण सोबतचं नाव चुकीचं असेल तर एक सर्व्हर ‘नाही’ म्हणायचा, दुसरा ‘हो’ म्हणून सूचना जोडायचा. मुख्य सर्व्हर बंद पडला की जाळ्याचे नियम नकळत बदलत होते, हे यापूर्वी कोणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

पण या थराची मर्यादा ओळखणं महत्त्वाचं होतं. असा संच सर्व्हर मानकाप्रमाणे वागतो का ते सांगतो. तुमचे रुग्ण यादीत येतात का ते सांगत नाही. म्हणून दुसरा थर आम्ही लॉगमधल्या खऱ्या विनंत्यांवरून रचला. प्रत्येक विनंतीचं अपेक्षित उत्तर डॉक्टर आणि वैद्यकीय कोडिंग करणाऱ्यांनी ठरवलं, प्रोग्रामरांनी नाही. यावर कुरबूर झाली, कारण डॉक्टरांचा वेळ महाग असतो. तरी हा आग्रह सोडला नाही ते बरं झालं. ‘मधुमेहाच्या यादीत गरोदरपणातला मधुमेह हवा का?’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही सर्व्हरमध्ये नसतं.

याच थरानं दुसरं कारण उघडं केलं. जुनी आवृत्ती बांधूनही यादी पूर्ण भरत नव्हती. मोठं उत्तर सर्व्हर पानापानानं देतो आणि एकूण कोड किती हेही सांगतो. नोंदवहीचा प्रोग्राम पहिलं पान घेऊन थांबत होता. म्हणजे ही गळती अद्ययावतीकरणाच्या आधीपासून होती, नव्या आवृत्तीनं ती वाढवली इतकंच. मिळालेल्या कोडांची संख्या आणि सर्व्हरनं सांगितलेली एकूण संख्या जुळते का, ही चाचणी दोन ओळींची आहे. मला ती या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची वाटते.

तिसरा थर दोन आवृत्त्यांमधल्या फरकाचा. नवी आवृत्ती आली की वापरातला प्रत्येक व्हॅल्यू सेट जुन्या आणि नव्या आवृत्तीत एक्स्पांड करायचा आणि गळालेले कोड एका माणसासमोर ठेवायचे. गळालेल्या संकल्पनेऐवजी काय वापरायचं ते स्नोमेड अनेकदा स्वतःच सांगतं. ‘याच्यासारखीच’, ‘हिनं बदललेली’, ‘बहुधा यांपैकी एक’ असे ऐतिहासिक दुवे त्यात असतात. स्नोमेडच्या प्रश्नभाषेत, म्हणजे ईसीएलमध्ये, दुसऱ्या आवृत्तीपासून हे दुवे धरून निष्क्रिय संकल्पनाही मागवता येतात. किमान पातळी फक्त ‘याच्यासारखीच’ हा दुवा घेते, कमाल पातळी सगळे दुवे घेते.

इथे एक खरा निर्णय घ्यावा लागला. पाठपुराव्याच्या यादीसाठी कमाल पातळी निवडली, कारण एखादा जास्तीचा रुग्ण आला तर डॉक्टर त्याला वगळू शकतो, पण न आलेला रुग्ण कोणाला दिसतच नाही. औषधांच्या इशाऱ्यांसाठी मात्र किमान पातळी ठेवली. तिथे अंदाजानं जोडलेला दुवा नको ते इशारे देतो, आणि इशारे फार झाले की डॉक्टर ते वाचणं सोडतात. आणखी एक गोष्ट ठरली: रुग्णाच्या नोंदीतला मूळ कोड कोणी बदलायचा नाही. फायरमध्ये एकाच निदानाला एकाहून जास्त कोड जोडता येतात. नवा कोड शेजारी ठेवायचा, डॉक्टरनं लिहिलेलं तसंच राहू द्यायचं.

नावाच्या विसंगतीवर सर्वांत लांब चर्चा झाली. ४४०५४००६ हा टाइप २ मधुमेहाचा कोड, ४६६३५००९ टाइप १ चा. पहिल्या कोडसोबत ‘टाइप १’ असं नाव आलं तर काय करायचं? अभियंत्यांचं म्हणणं, कोड प्रमाण मानावा, नावं भाषेगणिक आणि रुग्णालयागणिक बदलतात. डॉक्टरांचं म्हणणं, नाव हाच एकमेव पुरावा आहे की पडद्यावर बोट चुकीच्या ओळीवर पडलं. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. शेवटी असं ठरलं की कोडला कोणत्याही भाषेत नोंदलेलं समानार्थी नाव आलं तर चालेल, एकही जुळलं नाही तर संच पुढे जाईल पण पाठवणाऱ्याकडे इशारा परत जाईल. ॲलर्जी आणि औषधांच्या नोंदी मात्र माणसानं पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाहीत.

चौथ्या थरात मुद्दाम चुकीच्या गोष्टी पाठवल्या. स्नोमेडच्या कोडमध्ये शेजारचे दोन अंक उलटे केले. त्यातला शेवटचा अंक व्हर्होफ पद्धतीचा चेक डिजिट, म्हणजे बाकीच्या अंकांवरून काढलेला पडताळणीचा अंक, असतो, त्यामुळे असा कोड लगेच पकडला जातो. एककांनी मात्र चांगलाच धडा दिला. यकृताच्या एएलटी या विकराच्या तपासणीत, लॉइंक १७४२-६ मध्ये, एक प्रयोगशाळा एकक लहान ‘यू’ अक्षरानं पाठवत होती. युकममध्ये लहान-मोठ्या अक्षरांना वेगळा अर्थ असतो. मोठा यू म्हणजे विकराच्या क्रियाशीलतेचं एकक, लहान यू म्हणजे अणुवस्तुमानाचं. दोन्ही युकममध्ये वैध असल्यामुळे गेटवे ते मुकाट्यानं आत घेत होता. एकक वैध आहे का एवढं विचारून भागत नाही, ते या तपासणीला शोभतं का हे विचारावं लागतं.

तसंच ग्लुकोजचं. लॉइंकमध्ये २३४५-७ हा कोड वस्तुमानात मोजलेल्या रक्तातल्या ग्लुकोजचा, १४७४९-६ मोलमध्ये मोजलेल्याचा. एका प्रयोगशाळेचा स्थानिक कोड पहिल्याला जोडलेला होता, पण निकाल मिलिमोल प्रति लिटरमध्ये येत होते. या दोन एककांत सुमारे १८ पटींचा फरक आहे. ५.५ मिलिमोल म्हणजे जवळपास ९९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, अगदी निरोगी आकडा. पण ५.५ हाच आकडा मिलिग्रॅम समजून वाचला तर रुग्ण मरणाच्या दारात आहे असं दिसेल. सुदैवानं एकक निकालासोबत जात होतं आणि डॉक्टर ते पाहत होते. ट्रान्सलेटचं उत्तर तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होतं, कारण स्थानिक कोड लॉइंकला जोडणाऱ्या नकाशात जे लिहिलं होतं तेच त्यानं दिलं. नकाशा तपासायची जबाबदारी कोणाकडेच नव्हती.

शेवटी टाइमआउट. सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही तर गेटवे ‘कोड अवैध’ असंच लिहायचा. एखादी कोड सिस्टीम सर्व्हरवर चढवलेलीच नसली तरी तेच. ‘चूक आहे’ आणि ‘तपासता आलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठवणारी रुग्णालयं बरोबर असलेले कोड दुरुस्त करत बसली होती! आता गेटवे तीन उत्तरं देतो: वैध, अवैध आणि तपासलं नाही. तिसऱ्या प्रकारचे संच रांगेत थांबतात आणि सर्व्हर परत आला की पुन्हा तपासले जातात.

निष्पत्ती

सर्व्हर बदलला नाही. पाठपुराव्याच्या याद्या पूर्ववत झाल्या. किंबहुना पानांची चूक दुरुस्त झाल्यावर पूर्वी कधीच यादीत न आलेले रुग्णही दिसू लागले. त्यांच्यासाठी दवाखान्यांना वेगळी यादी पाठवली गेली, म्हणजे अचानक वाढलेल्या आकड्यानं गोंधळ होऊ नये.

नवी आवृत्ती आता आली तशी चढत नाही. आधी ती चाचणीच्या सर्व्हरवर जाते, फरकाचा अहवाल निघतो, कोडिंगच्या माणसाची सही होते आणि मग नोंदवही व गेटवे दोन्ही एका ठरलेल्या दिवशी पुढे सरकतात. त्यामुळे जाळं स्नोमेडच्या मासिक गतीपेक्षा मागे राहतं, आणि नव्या संकल्पना लवकर हव्या असणाऱ्या रुग्णालयांची यावर नाराजी आहे. ती रास्त आहे. त्यांच्यासाठी गेटवेवर नवी आवृत्ती आधी लावायची सोय ठेवली, पण नोंदवही सहीशिवाय हलत नाही.

नकारांच्या निरोपात आता कोड, व्हॅल्यू सेट, वापरलेली आवृत्ती आणि शक्य असेल तिथे सुचवलेला बदली कोड असतो. त्यामुळे रुग्णालयांकडून येणाऱ्या फोनांचं स्वरूप बदललं. ‘तुमची यंत्रणा बंद आहे का?’ ऐवजी ‘आमच्याकडची ही यादी जुनी दिसते, नवी कुठे मिळेल?’ असं विचारलं जातं.

वेगळं काय करता आलं असतं

उत्तरासोबत वापरलेली आवृत्ती साठवणं पहिल्या दिवसापासून व्हायला हवं होतं. त्याला खर्च जवळपास नाही. ती साठवलेली असती तर कोणत्या दिवशी कोणता रुग्ण कुठल्या कारणानं यादीबाहेर गेला हे लगेच काढता आलं असतं. ते नसल्यामुळे मागचा काळ अंदाजानंच पुन्हा रचावा लागला, आणि काही रुग्ण किती काळ यादीबाहेर होते याचं ठाम उत्तर देता आलं नाही.

यादीच्या लांबीवर पहारा हवा होता. आजाराच्या नोंदींची संख्या एका रात्रीत लक्षणीय घटली तर माणसाला कळवणारी साधी सूचना. दीर्घकालीन आजारांचे रुग्ण एका रात्रीत कमी होत नसतात.

कोडिंगचं काम करणाऱ्यांना आणखी आधी बोलवायला हवं होतं. पहिल्या बैठकांना फक्त तांत्रिक मंडळी होती. निष्क्रिय संकल्पना झाडावरून उतरतात हे कोडिंग करणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं. त्यांना विचारलं असतं तर सर्व्हर बदलण्याची चर्चा तिथेच आटोपली असती.

पर्यायी सर्व्हरची चाचणी तो पहिल्यांदा जोडला तेव्हाच मुख्य सर्व्हरसोबत व्हायला हवी होती, एकाच चाचणी संचावर, एकाच दिवशी.

दोन गोष्टी अजून बाकी आहेत. प्रयोगशाळांचे स्थानिक कोड लॉइंकला जोडणारे नकाशे पूर्ण तपासून झालेले नाहीत. ग्लुकोजसारखी जोडी आणखी कुठे आहे का, हे तपासणीचा कोड, एकक आणि मोजमापाचा प्रकार यांची सांगड घालून एकेक करून पाहिलं जात आहे. आणि फरकाच्या अहवालावर सही करणारी व्यक्ती सध्या एकच आहे. ती रजेवर गेली की नवी आवृत्ती थांबते. दुसऱ्या व्यक्तीला तयार करण्याचं काम सुरू झालं आहे.